न झिजणारी नाणी

नाण्याचा घाट ठरतो तो माणसाच्या हातात. त्याची कड उचललेली असते ती आधी कडेने झिजावे आणि आतले चित्र राहावे म्हणून. चित्राचा उठाव कडेच्या वर जात नाही, कारण नाणी एकावर एक रचायची असतात. नाण्याची कला या अडचणींतूनच जन्मली. १९२८ साली आयर्लंडने कवी येट्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीमार्फत पर्सी मेटकाफकडून नाणी करून घेतली, त्यांतली पेनीवरची पिलांसह उभी असलेली कोंबडी पाहावी. दिवसभर बाजारात फिरून यावे आणि तरीही ओळखू यावे, इतकीच तिची रेषा आहे. एकही पीस जास्त नाही.

आता सोमालियाच्या नावाने २००४ साली निघालेली इलेक्ट्रिक गिटारच्या आकाराची रंगीत नाणी घ्या. एका अंगाला देशाचे राजचिन्ह, आणि किंमत एक डॉलर! सोमालियाचे चलन शिलिंग. आणि साऱ्या मुलखावर हुकमत चालवील असे सरकार तिथे १९९१ पासून नव्हते. पालाऊचा व्यवहार अमेरिकन डॉलरवर चालतो, तरी त्याच्या नावाच्या २००७ सालच्या नाण्यात लूर्दच्या तीर्थाची इवलीशी कुपी बसवली आहे. दोन हजारांहून कमी वस्तीच्या निऊए बेटाच्या २०११ सालच्या नाण्यांवर एका बाजूला राणी एलिझाबेथ, दुसऱ्या बाजूला चित्रपटातला डार्थ व्हेडर. ही नाणी परदेशी संग्राहकांसाठी. बेटावरच्या दुकानात ती कोणी मोजून देत नाही.

नाव वापरू देण्याचे पैसे चिमुकल्या बेटांनी घेतले, तर त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही. त्यांच्यापाशी विकण्याजोगे असते तरी किती? माझी तक्रार कलेच्या बाजूने आहे. चलनात न जाणारी, पाहण्यासाठीच केलेली वस्तू म्हणजे पदक. पंधराव्या शतकात पिसानेल्लोने बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचे पदक ओतले. त्यावरचा पाठमोरा घोडा आजही नजर धरून ठेवतो. त्यावर किमतीचा आकडा नाही, आणि कोणाला त्याची उणीव भासलेली नाही. या नव्या नाण्यांवरचा ‘डॉलर’ पुसून पाहा. गिटार उरते, तीही न वाजणारी. चित्राने करायचे काम तो एक शब्द करतो आहे. आणि शब्दाला बाध येऊ नये म्हणून नाणे प्लास्टिकच्या डबीत बंद. बोटाचा ठसा उमटला, की संग्राहक भाव पाडतो.