देवांचा नैवेद्य आणि लेखकाचे ताट

प्रवासी आणि परदेशात चाकरी करून राहणारा माणूस या दोघांच्या लेखनातील भेद देवळे, डोंगर, उद्याने यांच्या वर्णनात फारसा जाणवत नाही. तो अन्नाच्या वर्णनात जाणवतो. प्रवाशाच्या दृष्टीने परके अन्न हा एक प्रसंग असतो. ते आवडले तर त्याचे कौतुक होते, न आवडले तर विनोद होतो, आणि दोन्ही प्रकारांनी पाने भरतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'पूर्वरंग'सारख्या (१९६३) पुस्तकाला ही मोकळीक जन्मतःच मिळालेली असते. चाकरी करणाऱ्याला मात्र तेच अन्न उद्या, परवा आणि वर्षभर खावयाचे असते. तेथे आवडनिवड हा रसिकतेचा प्रश्न राहत नाही. तो प्रकृतीचा प्रश्न होतो. लाफ्काडिओ हर्न याच्या जपानविषयक ग्रंथांचा या दृष्टीने विचार केला असता एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. या ग्रंथांत देव जेवतात, पितर जेवतात, कोल्हेसुद्धा जेवतात. परंतु लेखक स्वतः जेवताना क्वचितच दिसतो.

हर्नला अन्नाविषयी लिहिणे जमत नव्हते, असे म्हणावयास जागा नाही. ग्रीक आई व आयरिश बाप यांचा हा मुलगा १८५० साली लेफ्कादा बेटावर जन्मला, डब्लिनमध्ये वाढला आणि एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेत जाऊन वृत्तपत्रांत लिहू लागला. न्यू ऑर्लिन्समध्ये असताना, १८७९ साली, त्याने पाच सेंटांत जेवण देणारी एक खाणावळ काढली होती. ती काही आठवड्यांतच बुडाली. १८८५ साली त्याने त्या शहरातील क्रिओल स्वयंपाकावर एक पाकपुस्तक सिद्ध केले. पुढे कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक बेटावर त्याने वास्तव्य केले. तेथील अनुभवांवरील त्याचा ग्रंथ १८९० साली, म्हणजे तो जपानला गेला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्यात घरकाम करणाऱ्या बाईवर एक सबंध प्रकरण असून, ती काय रांधते, कोणते फळ कशाबरोबर खातात, याची तपशीलवार व चवदार हकीकत त्यात आलेली आहे. अशा लेखकाची जीभ जपानच्या किनाऱ्यावर पाय ठेवताच मुकी व्हावी, ही साधी गोष्ट नव्हे.

एप्रिल १८९० मध्ये तो योकोहामा येथे उतरला तो एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेचा लेखक म्हणून. हा संबंध लवकरच तुटला. बेसिल हॉल चेंबरलेन यांच्या साहाय्याने त्याला पश्चिम किनाऱ्याकडील मात्सुए या गावी इंग्रजीच्या शिक्षकाची जागा मिळाली. पगार महिना शंभर येन. स्थानिक शिक्षकांच्या मानाने ही रक्कम बरीच मोठी होती. पुढील चौदा वर्षांतील त्याचे बहुतेक लेखन अशा नोकऱ्यांच्या सावलीत झाले आहे. त्याची भटकंतीही सुट्यांच्या दिवसांतच झालेली आहे, आणि हे विसरून त्याला मुक्त यात्रिक मानणे बरोबर नाही.

मात्सुएच्या वास्तव्यावर आधारलेला 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलियर जपान' हा द्विखंडात्मक ग्रंथ १८९४ साली निघाला. त्यातील मात्सुएच्या सकाळचे वर्णन प्रसिद्ध आहे. हर्नचा डावा डोळा कोवळ्या वयातच गेलेला होता व उजव्याची दृष्टी अत्यंत अधू होती. त्यामुळे ही सकाळ प्रथम कानांनी ऐकावी लागते. तांदूळ सडणाऱ्या अवजड मुसळाचे ठोके उशाखालून नाडीसारखे येतात. मग देवळातील घंटा. मग मुळे आणि सलगम विकणाऱ्यांच्या आरोळ्या. मग नदीकाठी उगवत्या सूर्याला वंदन करणाऱ्यांच्या टाळ्या. वर्णन अप्रतिम आहे. परंतु त्यात अन्न आहे ते केवळ ध्वनिरूपाने. तांदूळ सडला जातो, भाजी विकली जाते, आणि हे सर्व ज्या न्याहारीकडे जावयाचे ती न्याहारी मात्र येत नाही. लेखक खिडकीशी उभा राहून शहर पाहू लागतो, आणि तेथून पुढे डोळ्याचे राज्य सुरू होते. अधू दृष्टीच्या माणसाने डोळ्यांवर एवढा भार टाकावा, यातील करुणाही लक्षात घेण्यासारखी आहे.

याउलट नैवेद्याच्या बाबतीत त्याचा हात आखडत नाही. इनारी या धान्यदेवतेच्या कोल्ह्यांना प्रिय असलेले तळलेले तोफू व तांबड्या चवळीसारख्या दाण्यांचा भात, पितरांच्या सणापूर्वी भरणारा बाजार आणि मृतांसाठी मांडावयाची पाने, या सर्वांची तो आस्थेने नोंद करतो. ही आस्था भारतीय वाचकाला परकी वाटणार नाही. मात्सुएला जाताना वाटेत एका खेड्यातील सराईत तो उतरला. ते दिवस पितरांच्या सणाचे होते. जेवणात मासा नाही म्हणून यजमानीण क्षमा मागते व नियम सांगते : सणाच्या तीन दिवसांत मासा वर्ज्य, चौथ्या दिवशी कोळी समुद्रावर जातात, परंतु त्या दिवशीही ज्याचे आईबाप हयात असतील त्यानेच मासा खावा. हा नियम ऐकणाऱ्या पाहुण्याचे वडील १८६६ साली वारले होते व आई बालपणीच दुरावली होती. त्या ताटात मासा नव्हता हे एका अर्थी योग्यच होते. हा संबंध लेखक जोडून दाखवीत नाही. रिवाज नोंदवून तो बाहेरच्या नृत्याकडे वळतो. येथील मौन कलावंताचे आहे, आणि ते सुंदर आहे. परंतु त्याच्या इतर ठिकाणच्या मौनाविषयी असे म्हणता येत नाही.

कारण त्या मौनाचा उलगडा त्याच्या पत्रांतून होतो. ग्रंथांत न आलेले ताट चेंबरलेन यांना लिहिलेल्या एका पत्रात वाढलेले आहे. सुमारे दहा महिने केवळ जपानी आहारावर राहिल्यानंतर प्रकृती ढासळली, आणि गोमांस, कोंबडी, तळलेले पदार्थ व बीअर यांकडे आपल्याला परत जावे लागले, अशी कबुली त्याने तेथे दिलेली आहे. तिचा सूर अर्धा विनोदी व अर्धा ओशाळवाणा आहे, जणू एखाद्या दीक्षित माणसाचा व्रतभंग व्हावा तसा. हर्नने जपानला घर मानावयाचे ठरविले होते, आणि पोटाने त्या निश्चयाला संमती दिली नाही. १८९१ च्या आरंभी मात्सुएच्या थंडीने त्याला अंथरुणाला खिळविले होते. हवामानाविषयीची ही तक्रार तो उघडपणे करतो. अन्नाची तक्रार मात्र खाजगी राहते. थंडी आकाशाची असते. अन्न मात्र माणसांनी रांधून प्रेमाने पुढे ठेवलेले असते, आणि ते नाकारणे म्हणजे त्या माणसांना नाकारणे, असे त्याला वाटले असावे.

त्या काळच्या इंग्रजी लेखनाच्या शिष्टाचाराने हे मौन लादले होते, असेही म्हणता येणार नाही. इझाबेला बर्ड हिने १८७८ साली उत्तर जपानमधून प्रवास केला आणि १८८० च्या आपल्या ग्रंथात तेथील अन्न, पिसवा व दुर्गंधी यांविषयी निःसंकोचपणे लिहिले. तिला ते परवडले. काही महिन्यांनी ती जहाजात बसणार होती. हर्नला त्याच गावात सोमवारी शाळेत जावयाचे होते. एवढेच नव्हे तर, १८९१ साली त्याने कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यातील स्त्रीशी संसार मांडला, आणि आता रांधणारे हात घरचे झाले.

या दडपणाची किंमत त्याच्या लेखनाने मोजली आहे. 'ग्लिम्प्सेस'मधील कित्येक प्रकरणांत एक अखंड गोडवा आहे, आणि काही पानांनंतर तो वाचकाला जड होतो. सर्व हसू मधुर, सर्व उद्याने शांत, सर्व पुजारी विनम्र. इझुमोच्या महामंदिराच्या आतील भागात प्रवेश मिळालेला आपण पहिलाच पाश्चात्त्य, असे तो सांगतो. त्या प्रकरणात ही धन्यता इतकी दाट आहे की मंदिर तिच्याआड जाते. विरोध नसलेली भक्ती गद्याला शिथिल करते. याच ग्रंथातील इंग्रजीच्या शिक्षकाची रोजनिशी हे प्रकरण मात्र वेगळे उतरले आहे, कारण तेथे शाळा आहे, श्रम आहेत, आणि विद्यार्थ्यांनी निकस अन्नावर नव्या विद्येचे ओझे वाहावे याची चिंता आहे. पोरांच्या ताटाकडे त्याचे लक्ष गेले, आणि गद्यात तत्काळ कणा आला.

या दृष्टीने मिओनोसेकीवरील प्रकरण हे या ग्रंथातील एक रत्न होय. या बंदराच्या देवाला कोंबडीचे अंडे खपत नाही. कथा अशी की, पहाटेची वर्दी देण्यात कोंबडा चुकला, देवाला घाईने निघावे लागले, वल्ही हरवली, हातांनीच नाव वल्हवावी लागली आणि माशांनी हात चावले. तेव्हापासून गावात कोंबडे नाहीत, कोंबड्या नाहीत, अंडीही नाहीत. हे सर्व ठाऊक असूनही हर्न सराईतील मुलीला मिस्किलपणे अंड्यांविषयी विचारतो. ती करुणामूर्ती कान्नोनसारखे स्मित करून सांगते, बदकाची थोडी आहेत! गावात बदके मात्र नाहीत. या एका प्रश्नोत्तरात जे साधले आहे ते महामंदिराच्या अनेक पानांत साधलेले नाही. देवाचा निषेध पाळला गेला, पाहुण्याची इच्छाही राहिली, आणि या दोहोंमधून वाट काढणारी लोकांची व्यवहारबुद्धी हसत पुढे आली. येथे लेखक भुकेला आहे, थोडा आगाऊ आहे, म्हणून समोरची माणसेही जिवंत आहेत. प्रेक्षणीय स्थळ आणि जेवण ही दोन्ही एकाच ताटात आली, आणि हर्नमधला न्यू ऑर्लिन्सचा बातमीदार क्षणभर परत आला.

मात्सुए सोडून तो कुमामोतोला गेला. तेथे पगार दुप्पट झाला आणि मोह कमी झाला. १८९३ च्या उन्हाळ्यात नागासाकीच्या एका युरोपीय पद्धतीच्या हॉटेलातून तो उकाड्याला कंटाळून पहाटे निघाला व मिसुमीच्या किनाऱ्यावरील जपानी सराईत विसावला. त्या दिवसावरील निबंध १८९५ च्या 'आउट ऑफ द ईस्ट' या पुस्तकात आहे. त्याची जातकुळी उच्च प्रतीची आहे. उराशिमा या कोळ्याच्या जुन्या कथेची आणि लेखकाच्या स्वतःच्या हरवलेल्या बालपणाची वीण त्यात इतकी सहज बसली आहे की स्थलवर्णन कोठे संपले आणि स्मृती कोठे सुरू झाली ते कळत नाही. येथून पुढे प्रेक्षणीय जपान त्याच्या लेखनात हळूहळू मागे पडते. १८९६ साली तो कोइझुमी याकुमो या नावाने जपानचा नागरिक झाला व तोकियोच्या विद्यापीठात अध्यापक झाला. ती नोकरी १९०३ मध्ये गेली. १९०४ च्या 'क्वाइदान'मध्ये लेखकाचे शरीर जवळजवळ नाहीसे झाले आहे. उरल्या आहेत त्या कथा. त्यांपैकी एका कथेत एक पुरोहित मरणोत्तर प्रेतभक्षक होतो, कारण हयातीत त्याने धर्मकृत्ये केली ती अन्नवस्त्राच्या प्राप्तीवर डोळा ठेवून. कथा जुनी आहे व तिच्यात आत्मचरित्र शोधणे अतिरेकाचे होईल. तरीही इतक्या वर्षांच्या मौनानंतर अन्न हर्नच्या पानांवर परतते ते या भयानक रूपात, हे जाणवल्यावाचून राहत नाही.

हर्नने जे लिहिले नाही ते सेत्सु हिने सांगितले. तिच्या आठवणींचे इंग्रजी भाषांतर १९१८ साली निघाले. मात्सुएच्या पहिल्या सराईतून तो संतापून बाहेर पडला तो जेवणामुळे नव्हे. तेथील एका मुलीचे डोळे आले होते आणि वारंवार सांगूनही मालक तिला उपचारांसाठी नेत नव्हता, म्हणून. लिहिताना तो जेवण विसरे, आणि कॉफीत साखरेऐवजी मीठ टाकू लागे. त्याच्या आवडीच्या गोष्टीही तिने मोजून दिल्या आहेत : पश्चिम दिशा, सूर्यास्त, उन्हाळा, समुद्र, पोहणे, केळी, दफनभूमी, किडे, भुताखेतांच्या गोष्टी, उराशिमा, आणि खाण्यात बीफस्टेक व प्लमपुडिंग. ज्या कबुलीसाठी हर्नला एका मित्राच्या पत्राचा आडोसा घ्यावा लागला, ती तिने उराशिमाच्या पंक्तीला बसवून टाकली.