निष्ठेचा दाखला : साधन-चिकित्सा

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश राजाच्या बाजूने राहिलेल्या वसाहतवासीयांना ‘लॉयलिस्ट’ म्हणतात. बंडखोर राज्यांनी अनेकांच्या जमिनी जप्त केल्या. हजारोंना देश सोडावा लागला. १७८३ मध्ये ब्रिटिश संसदेने भरपाईसाठी आयोग नेमला. अर्जदाराला निष्ठा आणि नुकसान, दोन्ही सिद्ध करावे लागे. निष्ठेसाठी माजी गव्हर्नर, लष्करी अधिकारी यांचे दाखले जोडले जात.

हे दाखले वाचताना मजकुराइतकेच सहीकडे लक्ष द्यावे. दाखला निष्ठेचा असला, तरी तो मिळवायला बड्या माणसाची ओळख लागे. त्यामुळे त्यात निष्ठेबरोबर सामाजिक दर्जाही मोजला गेला. लंडनमध्ये अर्ज करणाऱ्या कृष्णवर्णीय लॉयलिस्टांना हे विशेष जाणवले. त्यांच्या मालमत्तेच्या दाव्यांवर आयोगाने सहसा विश्वास ठेवला नाही. गुलामीतून सुटका झाली, हीच भरपाई, असाही सूर लावला.

आयोगाने तीन हजारांहून अधिक दावे तपासले. सुमारे २,३०० जणांना काही रक्कम मिळाली. हा आकडा निष्ठावंतांची गणती म्हणून वाचू नये. आयोगापर्यंत पोहोचून कागद उभा करू शकले, तेवढेच त्यात आहेत.