‘केवळ उपस्थिती’ची मर्यादा : संक्रमणी धातूंचे आयन आणि उत्प्रेरकाची रूढ व्याख्या

मराठी माध्यमाच्या शालेय रसायनशास्त्रात उत्प्रेरकाची ओळख त्याच्या ‘केवळ उपस्थिती’वरून करून दिली जाते : तो अभिक्रियेचा दर बदलतो, स्वतः मात्र बदलत नाही. शालान्त परीक्षेपर्यंत ही व्याख्या निभावते. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणी जीवरसायनशास्त्राच्या तासाला बसणारा विद्यार्थी तीच सोबत घेऊन येतो, आणि मेंढीच्या ताम्रविषबाधेपाशी ती अडते.

या व्याख्येतील उणीव द्रावणातील ऑक्सिडीभवन-क्षपण अभिक्रियांत स्पष्ट दिसते. पेरॉक्सिडायसल्फेट (प्रमाण क्षपण विभव सुमारे २.०१ व्होल्ट) आणि आयोडाइड (आयोडीन, ०.५४ व्होल्ट) यांची अभिक्रिया विभव पाहता सहज घडावी. प्रत्यक्षात ती मंद चालते. दोन्ही आयन ऋणभारित असल्याने एकमेकांना दूर सारतात. थोडे फेरिक आयन मिसळले की फेरिक आयन आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन घेऊन फेरस बनतो, आणि फेरस आयन इलेक्ट्रॉन पेरॉक्सिडायसल्फेटला देऊन पुन्हा फेरिक होतो. दोन्ही टप्प्यांत भेट होते ती विरुद्ध भारांच्या आयनांची. लोहाचे विभव (०.७७ व्होल्ट) मधोमध पडत असल्याने दोन्ही टप्पे अनुकूल ठरतात. फेरसने आरंभ केला तरी परिणाम तोच. लोह येथे प्रत्येक फेरीत बदलते. न बदलता राहते ती त्याची एकूण राशी.

विभव मध्ये पडले की उत्प्रेरण झालेच, असे सांगणाऱ्या परीक्षोपयोगी टिपाही तितक्याच अपुऱ्या आहेत. विभवावरून अभिक्रियेची दिशा कळते, वेग कळत नाही. सेरिक आयन एका वेळी एकच इलेक्ट्रॉन घेतो, थॅलस आयनाला दोन द्यावयाचे असतात; ही विजोड देवघेव रखडते. मँगनीजला दोन, तीन व चार अशा लगतच्या ऑक्सिडीभवन अवस्था असल्यामुळेच ते दुवा होऊ शकते. इलेक्ट्रॉन-स्थानांतराच्या यंत्रणांवरील कार्यासाठी हेन्री टाउबे यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या टिपांत मात्र यंत्रणेला क्वचितच जागा मिळते.

परमँगनेट-ऑक्झॅलेट अनुमापन तर प्रत्येक महाविद्यालयात होते. पहिल्या थेंबांचा रंग रेंगाळतो, पुढील थेंब झटकन विरतात. प्रयोगवहीत द्रावण ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविण्याची सूचना असते, रेंगाळण्याचे कारण बहुधा नसते. अभिक्रियेतून निर्माण होणारे मँगनस आयनच तिला वेग देतात. ‘केवळ उपस्थिती’ म्हणावी, तर आरंभी हा उत्प्रेरक उपस्थितच नसतो!

मेंढीच्या यकृतात तांबे साचत जाते आणि ताण पडताच एकाएकी रक्तात उतरते. क्युप्रिक आयन ग्लुटाथायोन व हिमोग्लोबिन यांचे ऑक्सिडीभवन करून क्युप्रस होतो. ऑक्सिजन त्याला पुन्हा क्युप्रिक करतो. तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर-काळी होते. मात्रा अल्प म्हणून हानी अल्प, हा हिशेब येथे चुकतो, कारण तोच आयन वारंवार कामी येतो. गाईम्हशींसाठी तयार केलेले तांबेयुक्त खनिज मिश्रण मेंढ्यांना का घालू नये, हे मेंढपाळाला पटवून देण्याची वेळ याच विद्यार्थ्यावर येणार असते.