पंडितेचं सोपं मराठी

‘विश्वास असला की पुरे, जास्त शिकून काय करायचं?’ खांडबाऱ्याकडच्या ख्रिस्ती घरांत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: पंडिता रमाबाईंचं बायबल वाचा. निदान ते कसं झालं, एवढं तरी.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आईने ते रमाला दिलं. पुराण वाचत हे कुटुंब देशभर फिरलं. 1878 मध्ये कलकत्त्यात रमाबाई ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ झाल्या. पण त्या पुराणवाचनाबद्दल त्यांनी पुढे, 1907 च्या आत्मकथनात, जे लिहिलंय ते बोचणारं आहे. ऐकणाऱ्यांना संस्कृत कळत नसे, आणि कळावं अशी कुणाची अपेक्षाही नसे. कानावर पडलं की पुण्य! मला वाटतं, भाषांतराचं बीज इथेच पडलं.

1883 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. चालू मराठी बायबल त्यांना जड आणि संस्कृतने भरलेलं वाटत होतं. म्हणून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, उतारवयात, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सोप्या मराठीत भाषांतर केलं. छपाईचं काम मिशनमधल्या बायकांनीच केलं. एवढी विद्या कशासाठी? नुकतं वाचायला शिकलेल्या बाईला कुणाला न विचारता पान वाचता यावं म्हणून.

भाषांतर म्हणून ते मला सगळंच पटत नाही. हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे शब्द त्यांनी बाजूला काढले, आणि काही ठिकाणी भाषा त्यामुळे कोरडी पडते. फादर स्टीफन्स यांनी 1616 च्या ‘क्रिस्तपुराणा’त ‘वैकुंठ’ बिनधास्त वापरला होता. तो मोकळेपणा इथे नाही. (अर्थात, त्या शब्दांचं ओझं बाई म्हणून ज्यांनी वाहिलं, त्यांना मोकळेपणाचा सल्ला देणं सोपं आहे.)

माझी खरी अडचण वेगळी आहे. रमाबाईंचं सोपं मराठी नवापूर तालुक्यात सोपं नाही. आमच्याकडे घरात मावची, शाळेत मराठी. ‘नीतिमत्त्व’, ‘प्रायश्चित्त’ हे शब्द आमच्या आज्यांनी उपासनेत असंख्य वेळा ऐकलेत, आणि पुराण ऐकणाऱ्या त्या लोकांसारखंच ऐकलेत. पौलाने करिंथकरांना हेच बजावलं होतं: मंडळीत न कळणारं कितीही बोललात तरी कळणाऱ्या चार-पाच शब्दांची सर त्याला येत नाही. ज्ञानाने माणूस फुगतो हेही त्याच पत्रात आहे. आपल्याकडे दुसरं तेवढं पाठ असतं, न शिकण्याला आधार म्हणून.

मावचीत आता नवा करार आहे, मोबाईलवरही वाचता येतो. पण बायबल कॉलेजातून पदवी घेऊन आलेला मुलगा गावात उभा राहिला की ग्रंथातलं मराठी बोलतो, आणि सगळे कौतुकाने ऐकतात. त्याने एकदा ‘नीतिमत्त्व’ मावचीत सांगून बघावं. आजीने उलट प्रश्न विचारेपर्यंत.