अद्भुताचा उंबरठा

पहिल्या भेटीत कोणाविषयी मत बनवू नये, असे शहाणी माणसे सांगतात. माणसांपुरता हा उपदेश मला मान्य आहे. अद्भुतकथेच्या बाबतीत मात्र माझे म्हणणे नेमके उलट आहे. भरताने अद्भुतरसाचा स्थायीभाव ‘विस्मय’ हा सांगितला, आणि विस्मयाचा स्वभाव इतर भावांसारखा नाही. करुण प्रसंग दहाव्यांदा पाहतानाही डोळे भरून येतात. फार्सातला विनोद पाठ असला तरी आपण आधीपासूनच हसू लागतो. विस्मय तेवढा एकदाच होतो. जादूगाराच्या टोपीतून ससा निघाला की निघाला; दुसऱ्या खेपेस आपण ससा पाहत नाही, जादूगाराचा हात पाहतो. म्हणून अद्भुताच्या आणि विज्ञानकथेच्या मालिकांना पहिल्या भागातच जोखावे, यात अन्याय नाही. तेथे जे घडले नाही ते पुढे उत्तम गोष्ट होईल, पण विस्मय होईलच असे नाही.

२०२२ पासून आलेल्या अशा पाच इंग्रजी मालिका मी पाहिल्या आणि प्रत्येकीचा पहिला भाग संपताच मनात काय उरले ते ताडून पाहिले. त्याचाच हा हिशेब. पुढची कथा मी सांगणार नाही. तेव्हा ज्यांनी त्या पाहिलेल्या नाहीत त्यांनी निर्धास्तपणे वाचावे.

आरंभ थोरामोठ्यांच्या घरापासून करू. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका टोल्किनच्या मध्य-पृथ्वीची. नुसत्या हक्कांसाठी पंचवीस कोटी डॉलरच्या आसपास रक्कम मोजल्याचे वृत्त २०१७ साली आले होते. २०२२ च्या सप्टेंबरात ती पडद्यावर आली, आणि खर्च केलेला पैसा डोळ्यांना दिसला यात शंका नाही. पहिल्याच भागात स्वर्गतुल्य देश आहे, महायुद्ध आहे, बर्फाचे कडे आहेत, राक्षस आहे, आकाशातून कोसळणारा अग्निगोल आहे. पण एवढे सगळे पाहून मला काय आठवले? एका लहान मुलीने केलेली नाव. ती हंसासारखे पंख पसरून पाण्यावर तरंगते आणि एक द्वाड पोरगा दगड मारून ती बुडवतो. बाकीचे सारे एखाद्या श्रीमंत लग्नातल्या पंगतीसारखे झाले. पहिला पदार्थ चाखेपर्यंत पाचवा पानात पडला. जेथे सर्वच अद्भुत आहे तेथे कोणीच चकित होत नाही. एल्फांना एल्फांचे काय नवल?

गंमत अशी की याच मालिकेने दुसऱ्या भागात आपले उट्टे स्वतःच भरून काढले. एल्फ हे अमर. ड्वार्फ हे डोंगराच्या पोटात नगर वसवणारे, मर्त्य. एल्रॉन्ड नावाचा एल्फ आपला मित्र ड्युरिन याला भेटावयास जातो, तर ड्युरिन फुरंगटून बसलेला. का? मधे वीस वर्षे उलटली! त्याचे लग्न झाले, दोन मुले झाली, आणि मित्र फिरकला नाही. एल्रॉन्डच्या लेखी वीस वर्षे म्हणजे काहीच नाही. ड्युरिनच्या लेखी ते एक अख्खे आयुष्य. अमरत्व म्हणजे काय हे पहिल्या भागातल्या कोणत्याही देखाव्याने मला सांगितले नव्हते. लग्नाला न आल्याचा राग, मग मध्यस्थी करणारी बायको आणि जेवणाचा आग्रह, एवढ्यानेच ते सांगितले.

येथेच माझ्या लक्षात आले की अद्भुताला उंबरठा लागतो. उंबऱ्याच्या अलीकडे आपले रोजचे घर असावे, पलीकडे ते दुसरे जग असावे, आणि पाय उचलणारे एक तरी माणूस मधे असावे. उंबराच नसेल तर आत गेलो की बाहेर राहिलो हे कळावे कसे?

‘अ नाइट ऑफ द सेव्हन किंगडम्स’ ही मालिका २०२६ च्या जानेवारीत आली. तिचे जग जॉर्ज मार्टिनचे, म्हणजे ड्रॅगनांबद्दल प्रसिद्ध असलेले. पण या कथेच्या काळापर्यंत ड्रॅगन मरून गेले आहेत. आरंभी डंक नावाचा एक धिप्पाड, भाबडा तरुण आपल्या म्हाताऱ्या धन्याला मूठमाती देतो. मागे उरतात घोडे, एक तलवार, आणि ‘आता मी सरदार की कोणीच नाही?’ हा प्रश्न. अद्भुत जवळजवळ नाहीच, आणि तरीही ड्रॅगन ज्या जगात कधीकाळी होते त्या जगात मी उभा आहे हे मला क्षणोक्षणी जाणवत होते. ओसरलेल्या वैभवाच्या गावात परका माणूस शिरावा, तसे काहीसे.

विज्ञानकथेत उंबरठ्याचे काम अधिक कठीण, कारण तेथे मंत्राऐवजी तर्क द्यावा लागतो. ‘सेव्हरन्स’ (२०२२) या मालिकेने ते फार देखणेपणाने केले आहे. एका कचेरीतल्या काही नोकरांच्या मेंदूवर अशी शस्त्रक्रिया केलेली असते की कामावर असताना त्यांना घर आठवू नये आणि घरी कचेरी आठवू नये. पहिल्याच दृश्यात एक तरुणी बैठकीच्या मेजावर जागी होते. एक आवाज प्रश्न विचारतो. तिला अमेरिकेतल्या एका राज्याचे नाव सांगता येते, स्वतःचे सांगता येत नाही. आईच्या डोळ्यांचा रंगही नाही. मग आपण मार्कला पाहतो. त्याची बायको वारली आहे. सकाळी कचेरीबाहेर मोटारीत बसून तो रडतो, आणि नंतर लिफ्टने खाली जाताच त्याचा चेहरा कोरा होतो. दिवसाचे आठ तास तरी दुःख आठवू नये म्हणून त्याने हा सौदा केलेला. येथे लिफ्ट हाच उंबरठा. यंत्राची करामत पाहून जेवढे नवल वाटले, त्याहून अधिक धास्ती एका विचाराने वाटली: हा सौदा मला कोणी देऊ केला असता तर मी नक्की नाही म्हटले असते काय?

‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ (२०२४) मूळ चिनी कादंबरीकार ल्यू त्सशिन याच्या कथेवरची. विषय परग्रहवासीयांचा, पण ती सुरू होते १९६६ साली पेइचिंगमध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या एका जाहीर सभेत. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला व्यासपीठावर मारहाण होते. त्याची बायकोच त्याच्याविरुद्ध बोलते. तो तेथेच मरतो, आणि गर्दीतून त्याची मुलगी हे पाहते. या दृश्यात परग्रहाचा मागमूस नाही. पण माणसाने माणसाला असे वागवलेले जिने पाहिले, ती उद्या आकाशाकडे कोणत्या नजरेने पाहील, हा प्रश्न तेथेच पेरला जातो. पुढे लंडन-ऑक्सफर्डमधल्या मित्रमंडळींच्या गप्पा मला सैल वाटल्या, हेही सांगितले पाहिजे. परंतु भागाच्या अखेरीस आकाशातले तारे दिव्यांसारखे उघडझाप करू लागतात, तेव्हा मी खरोखरच श्वास रोखला. तारे स्थिर असतात ही आपली जन्मापासूनची खात्री. ती खात्रीच येथे उंबरठा झाली.

आणि २०२५ च्या नोव्हेंबरातली ‘प्लुरिबस’. आकाशातून एक संदेश येतो, त्यातून एक संसर्ग जन्मतो, आणि बघता बघता जवळजवळ साऱ्या मानवजातीचे मन एक होते. भांडण नाही, द्वेष नाही, सगळे सुखी. कॅरल ही लेखिका मात्र त्यातून सुटते. त्याच रात्री तिची जोडीदार हेलन मरण पावते. घरी येऊन ती दूरचित्रवाणी लावते, तर पडद्यावरचा शेतकी खात्याचा उपसचिव तिच्याशी, केवळ तिच्याशी, नाव घेऊन अदबीने बोलू लागतो. घरातली ओळखीची पेटी आपल्याला ओळखते, याहून भयंकर ते काय? सारे जग सांत्वनाला धावते, आणि शोक करावयास मात्र ती एकटी उरते.

यावर कोणी म्हणेल, ‘मग घरगुती नाटकेच पाहावीत, भव्यतेचा हव्यास कशाला?’ आक्षेप वाजवी आहे, पण माझा मुद्दा तो नव्हे. ताऱ्यांची उघडझाप भव्यच आहे. भव्यतेला माप लागते एवढेच मी म्हणतो, आणि ते माप माणसाच्या नित्याच्या आयुष्यातूनच येते. आपल्या मराठीत डॉ. जयंत नारळीकरांनी हे ओळखले होते. त्यांच्या ‘धूमकेतू’ या कथेत पृथ्वीवर संकट कोसळू पाहते, पण आरंभी दिसते ती रात्री दुर्बिणीशी बसणाऱ्या नवऱ्याला थंडी बाधेल म्हणून कुरकुरणारी बायको. त्या कुरकुरीमुळे धूमकेतू जवळचा होतो.

सुट्टीत घरोघर यांपैकी काही पाहिले जाईल. ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’चा आरंभ फार क्रूर आहे, लहान मुलांना तो दाखवू नये. डंकची कथाही मोठ्यांचीच. टोल्किनची मध्य-पृथ्वी थोराड मुलांबरोबर पाहता येईल. पाहून झाल्यावर मुले म्हणतील, ‘काय जबरदस्त होते!’ त्यांना तेथेच थांबू देऊ नये. चकित कोण झाले, आणि त्याचे काय हरवले होते, एवढे विचारावे. उत्तर चटकन आले, तर दुसरा भाग खुशाल लावावा.