आधी बायांची पुस्तकं वाचा

आपल्या पोरांना विचारा, सध्या काय वाचता? यादी तोंडपाठ असते. 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या'. त्याआधी 'गोलपिठा', आणि बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती'. यादी वाईट नाही. ही पुस्तकं आली नसती तर मराठी साहित्य अजून सदाशिव पेठेतच चहा पीत बसलं असतं. पण या यादीत एकही बाई नाही. दहा पोरांपैकी नऊ हीच नावं सांगतात, आणि दहावा म्हणतो, "ताई, सध्या टाइमच नाही, जयंतीची वर्गणी चालू हाये."

मी रिठदला बसून लिहिते आहे. रिसोड तालुक्यातलं गाव. इथं वाचनाची खरी जागा विहार, आणि वाचनाचा हंगाम वर्षावास. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचला जातो. दिवसभर सोयाबीनमध्ये निंदण करून आलेल्या बाया सतरंजीवर येऊन बसतात. पोरं बाहेर ओट्यावर चळवळीच्या गप्पा हाणतात. म्हणजे ग्रंथ ऐकतात बाया आणि भाषणं ठोकतात पोरं. गेल्या पावसाळ्यात ग्रंथवाचन झालं की आम्ही अर्धा तास बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' वाचायला घेतलं. चार-पाच दिवसांतच मंडळातले दोघं आत आले. म्हणाले, "हे काहून वाचता? याच्यात आपल्याच लोकायची बदनामी हाये."

प्रश्न टाळण्यासारखा नाही. म्हणून हा लेख.

बेबीताई फलटणच्या. छोटं दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेली रद्दी आधी वाचून काढायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या, आणि ते लिहिणं घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवलं. फलटणला राहणाऱ्या अमेरिकन अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या नजरेला ते पडलं, मग 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, आणि 1986 ला पुस्तक झालं. आता विचार करा. वही लपवायची कोणापासून? बामणापासून नाही. पाटलापासूनही नाही.

पुस्तकात वीरगावचा आणि फलटणचा महारवाडा आहे. भूक आहे, देवदेव आहे, अंगात येणं आहे. हे दुसऱ्या आत्मकथनांतही सापडतं. जे सापडत नाही ते असं, की सासरहून पळून जाऊ पाहणाऱ्या पोरवयाच्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा घालत. संशयावरून बाईचं नाक कापत. खोडा घालणारे हात आपलेच. सासूचे, सासऱ्याचे, नवऱ्याचे. आणि हे सांगताना बेबीताईंची नजर गावावरून हटत नाही. ज्याला बाहेर कोणीच माणूस समजत नाही, तो घरात येऊन सुनेवर राज्य करतो. सासू स्वतः सोसलेलं सगळं सुनेवर काढते. गुलामीची उतरंड कशी लागते ते त्यांनी कोणतंही शास्त्र न सांगता दाखवलं. विहारात हा भाग वाचला तेव्हा कोणी 'अरेरे' म्हटलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "खोडा आता नाही घालत बाई. आता मोबाईल हिसकून घेतात." बाया हसल्या. मी पान उलटलं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पुस्तकाचं नाव 'जिणं माझं' नाही. आमुचं आहे. स्वतःच्या नवऱ्याचा मार बेबीताईंनी पुस्तकात जवळपास घेतलाच नाही. तो त्या नंतर, 2008 ला निघालेल्या इंग्रजी अनुवादाला जोडलेल्या माया पंडितांबरोबरच्या मुलाखतीत बोलल्या. आपल्याकडं समीक्षक आत्मकथनाला 'मी'चा आक्रोश म्हणतात. या बाईनं 'मी' बाजूला ठेवून वस्तीचा पंचनामा केला. बदनामी करायची असती तर आधी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली असती.

पुस्तक निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. शेवटाकडं ते भाषण होतं. शिकून नोकरीला लागलेल्या आणि वस्तीला विसरलेल्या लोकांवर बेबीताई चिडतात. ते चिडणं रास्त, पण तिथं माणसं दिसत नाहीत, नुसता राग दिसतो. आधीच्या पानांत एकेक घर, एकेक चूल दिसत होती.

याच्या जोडीला 'बलुतं' पुन्हा काढा. 1978 चं पुस्तक, त्याची थोरवी मी सांगायला नको. पण सईचा भाग आता वाचा. संशयावरून संसार मोडला, हे दया पवारांनी लपवलं नाही, त्याबद्दल त्यांना मानलंच पाहिजे. तरी त्या पानांत दगडू बोलतो, दगडू तळमळतो, सई गप्पच आहे. तिला काय वाटलं ते आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. बायांची पुस्तकं वाचून झाल्यावर पुरुषांच्या पुस्तकांतली ही गप्प बसलेली माणसं ऐकू यायला लागतात. मला तर हाच मोठा फायदा वाटतो.

अवघड पुस्तक मात्र पुढं आहे. मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय', 1984 चं. शाहीर अमर शेखांची मुलगी, नामदेव ढसाळांची बायको. पँथरच्या नेत्याच्या घरात काय चाललं होतं ते तिनं तिच्या बाजूनं लिहिलं. आपल्यातले कित्येक जण या पुस्तकाचं नाव निघालं की विषय बदलतात. म्हणतात, विरोधकाच्या हाती कोलीत कशाला द्यायचं? 'गोलपिठा'ची ताकद या पुस्तकानं तसूभर कमी होत नाही. पण 'गोलपिठा'तल्या कवितांवर मान डोलवायची आणि कवीच्या घरातल्या बाईनं तोंड उघडलं की कान बंद करायचे, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं.

हा वाद एकट्या आपल्या घरचा नाही. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून आपल्या पोरांनी 1972 ला नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या काळ्या लोकांत अ‍ॅलिस वॉकर या बाईनं 1982 ला 'द कलर पर्पल' ही कादंबरी लिहिली. काळ्या घरात बाईला होणारी मारहाण तिनं मांडली. तिलाही हेच ऐकावं लागलं: आपल्या पुरुषांना गोऱ्यांपुढं नागडं केलंस. शब्द बदलले, तक्रार तीच.

आणि बाबासाहेब? 1916 च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. वय 25. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि त्यासाठी बाईवर पहारा बसवावा लागतो. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या प्रथा त्या पहाऱ्याच्याच, असं त्यांनी मांडलं. आपल्याकडं 'जातिनिर्मूलन' निदान नावानं माहीत असतं, हा छोटा निबंध कोणी उघडत नाही. दोन संध्याकाळी वाचून होतो. तो वाचून झाल्यावर कोणी मला सांगावं, की बाईचा प्रश्न हा चळवळीचा फाटा आहे.

आता जवळचं. कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट', 1981 चं. नागपूरची महाराची पोर संस्कृत घेऊन एम. ए. झाली. नोकरी मिळेना. आंतरजातीय लग्न झालं, सोमकुवरची पावडे झाली, मग प्राध्यापकी मिळाली. संस्कृत तेच, बाई तीच, आडनाव बदललं. हा हिशोब त्यांनी जिथं मांडला तो लेख तरी वाचाच. शब्द जड आहेत, संस्कृतच्या बाईचे आहेत. दोन पानं दम धरा.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (1989) हे आत्मकथन नाही, चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्याशी बोलून केलेलं काम आहे. 20 जुलै 1942 ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली, त्या परिषदेची अध्यक्ष आपल्या वऱ्हाडातली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क मागणारे, एकापेक्षा जास्त बायका करण्याविरुद्धचे ठराव तिथं झाले. बाबासाहेब तिथंच बायांना म्हणाले, की नवऱ्याची मैत्रीण व्हा, गुलाम होऊ नका. जयंतीच्या मिरवणुकीत सुलोचनाबाईंचा फोटो मी तरी कुठं पाहिला नाही.

आपल्याच जिल्ह्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या 'राघववेळ'ला 1995 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मातंग समाजातल्या बाईची ही गोष्ट आपल्या मुलखाच्या बोलीत आहे, म्हणून बायांना वाचून दाखवायला ती सगळ्यात सोपी जाते.

दीक्षाभूमीला जाणाऱ्यांना सांगते, फोटो आणि लॉकेट नंतर घ्या, आधी पुस्तकांच्या दुकानात ही नावं विचारा. नसली तर दुकानदाराला मागवायला लावा. घरी आणल्यावर एकट्यानं वाचून फळीवर ठेवू नका. मोठ्यानं वाचा, आई जवळ असताना वाचा. रिठदला 'जिणं आमुचं'ची एकच प्रत आहे, ती सध्या त्या दोघांपैकी एकाकडं गेली आहे. त्याला पोळ्यापर्यंतची मुदत दिली आहे. त्याच्यानंतर नंबर लावायचा असेल त्यानं विहारातल्या वहीत नाव लिहून ठेवावं.