पडद्यावरचे पक्षी आणि सांभरचे पक्षी

दिग्दर्शक शंकर यांचा ‘२.०’ (२०१८) हा ‘एन्थिरन’चा, म्हणजे हिंदीतील ‘रोबोट’चा (२०१०), उत्तरभाग होय. पूर्वभागात शेकडो यंत्रमानव एकमेकांस जुळून गोलाची, सर्पाची रूपे घेत. येथे ते कार्य असंख्य मोबाइल करतात. ते रस्त्यावरून प्रवाहासारखे वाहतात आणि अखेर महाकाय पक्षी होऊन झेपावतात. छायालेखक नीरव शाह यांनी मूळ चित्रणच त्रिमितीत केल्यामुळे या थव्यास खोली लाभली आहे, तर दृक्चमत्कारांची बाजू सांभाळणाऱ्या श्रीनिवास मोहन यांनी त्यास जिवंत पाखरांची लय दिली आहे. उत्तरार्धात मात्र केवळ आकार वाढत जातो आणि विस्मय ओसरतो.

तथापि या कौशल्याची एक बाजू चिंतेची आहे. मनोऱ्यांच्या लहरींनी पक्षी मरतात, हे सिद्ध न झालेले विधान चित्रपट अशा ताकदीने दाखवितो, की प्रेक्षकास ते प्रत्यक्ष पाहिल्यासारखे वाटावे. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, जयपूरजवळच्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले. कारण निघाले जिवाणूंचे विष, बॉट्युलिझम. आपल्या सोलापूरकडचा माळढोक, म्हणजेच इथला गोडावण, विजेच्या तारांवर आदळून मरतो. आपल्यापैकी जे जैसलमेरकडे दौऱ्यावर जातात, त्यांना त्या तारा जाता-येता दिसतात. अदृश्यास रूप देण्याचे सामर्थ्य या चित्रपटापाशी खचित आहे. मात्र उघड्या माळावर दिसणारी ती तार त्याच्या कॅमेऱ्यात आलेली नाही.